आयसीयूत दोन पाटील

बिल अकरा पानांचं होतं आणि गाडी सातव्या पानावर अडली. तिथं एक ओळ होती : 'व्हेंटिलेटर चार्जेस, २ दिवस'. कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या काकू सहा रात्री काढून घरी निघाल्या होत्या. पहिल्या दोन रात्री त्या आयसीयूत होत्या हे खरं. पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, व्हेंटिलेटर नव्हता. भेटीच्या वेळेत मास्क बाजूला सारून त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, गॅसचा नंबर लावला का आणि दूधवाल्याचे पैसे दिले का. घशात नळी घातलेला पेशंट असं काही विचारत नाही, एवढं काकांनाही कळत होतं.

काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. आधी क्लिअरिंगला आणि शेवटची काही वर्षं शाखा तपासणीला. आडनाव पाटील. कोल्हापूर जिल्ह्यात हे आडनाव सांगून कुणाची ओळख उघड होत नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. आणि सांगावंच लागेल, कारण सगळी भानगड त्या आडनावातच होती.

बिलिंगच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, सिस्टीमला जसं पडलंय तसंच प्रिंट येतंय ओ. आम्ही हातानं काही घालत नाही."

"मग कोण घालतंय, बाळ?"

"वॉर्डातनं."

वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "आम्ही फक्त नोटिंग करतो. चार्ज बिलिंगवाले लावतात." तिसरी खिडकी टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या संस्थेशी बोलणारं रुग्णालयाचं टेबल. तिथला तरुण हसून म्हणाला, "मंजुरी आलीय की. पैसे कंपनी देणार. तुमच्या खिशातनं काय जातंय? कशाला डोक्याला ताप करून घेताय?"

निम्म्या तक्रारी या शेवटच्या वाक्यापाशी मरतात. पेशंट घरी न्यायची घाई असते, रिक्षा खाली उभी असते, आणि पैसे आपले जात नाहीत हे ऐकायला बरं वाटतं. पण ते खरं नसतं. वर्षाची विमा रक्कम ठरलेली असते. न लावलेल्या व्हेंटिलेटरचे पैसे कंपनीनं दिले, तर तेवढी रक्कम त्या वर्षापुरती संपते. चार महिन्यांनी पुन्हा आजारपण आलं की फरक आपल्याच खिशातून जातो. शिवाय क्लेम फॉर्मचा ब भाग रुग्णालय भरतं. तिथं व्हेंटिलेटर चढला की माणसाच्या आजाराचा इतिहास बदलतो. उद्या दुसऱ्या कंपनीकडं पॉलिसी न्यायची म्हटली, तर तिथला अधिकारी हाच इतिहास वाचणार.

काकांनी त्या दिवशी भांडण केलं नाही. क्लेममध्ये न बसणारे फरकाचे पैसे भरले आणि बिलाच्या रुग्णालयाकडं राहणाऱ्या प्रतीवर सहीच्या वर लिहिलं : 'पान ७ वरील व्हेंटिलेटरच्या नोंदीस हरकत राखून'. मोबाइलवर त्याचा फोटो काढला. मग काकूंना घरी घेऊन गेले.

बिलात चूक शिरते कशी, हे समजून घ्यायला रुग्णालयात काम केलेल्या दोघातिघांशी बोललो. पहिली गोष्ट कळली ती ही, की हे बिल कुणी एक माणूस लिहीतच नाही. दाखल होताना पेशंटला यूएचआयडी नावाचा एक नंबर मिळतो. त्या नंबरावर फार्मसी औषधं चढवते, लॅब तपासण्या चढवते, वॉर्डातून उपकरणांचे तास आणि डॉक्टरांच्या व्हिजिटा चढतात, आणि खाटेचं भाडं संगणक ठरलेल्या वेळी स्वतःच लावून मोकळा होतो. डिस्चार्जच्या दिवशी फक्त बेरीज होते. खिडकीतली मुलगी ती बेरीज छापते. तिला दोष देण्यात अर्थ नाही, कारण बेरजेत काय मिसळलंय हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

त्यामुळं चुकांच्या जागाही ठरलेल्या आहेत. आयसीयूतून खोलीत हलवलं त्या दिवशी दोन्ही खाटांचं भाडं लागतं. खोलीचं भाडं दिवसाला पाच हजारांच्या वर असेल, तर १८ जुलै २०२२ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे, आयसीयूच्या खाटेवर नाही. तेव्हा भाडं चुकून लागलं की करही चुकून लागतो. एकाच तपासणीचा नमुना खराब झाला म्हणून पुन्हा घेतला, तर तपासणी दोनदा चढते. आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे फार्मसीचं रिटर्न. डॉक्टर सात दिवसांचं इंजेक्शन लिहितात, वॉर्ड सात दिवसांचा साठा मागवतो, पाचव्या दिवशी डॉक्टर औषध बंद करतात. उरलेल्या बाटल्या परत जातात. जातात हे बहुतेक वेळा खरं असतं. त्यांची रक्कम बिलातून वजा झाली का, हे कुणी बघत नाही.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करायला हवी. बिल जास्त लावणं वेगळं आणि चुकीचं लावणं वेगळं. औषध कंपनीकडून स्वस्तात घेऊन छापील किमतीला विकणं हा व्यवहार उद्वेगजनक असेल, पण तो बिलाचा घोटाळा नाही. कायदा छापील किमतीपर्यंत विकायला परवानगी देतो. राष्ट्रीय औषध दर नियामकानं फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला दिसला. पेपरांत चार दिवस चर्चा झाली. खासगी रुग्णालयांतून सक्तीनं घ्याव्या लागणाऱ्या औषधांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. ४ मार्च २०२५ ला न्यायालयानं तो विषय राज्यांच्या धोरणावर सोपवला. म्हणजे लुटीला आज तरी नेमकी खिडकी नाही. चुकीला आहे. लोक मात्र एकाच अर्जात दोन्ही लिहितात. 'आमच्याकडून भरमसाट पैसे उकळले आणि रिपोर्टही दोनदा लावला.' अर्ज वाचणारा पहिल्या वाक्याला 'दर ठरवण्याचे अधिकार या कार्यालयास नाहीत' असं उत्तर देतो आणि दुसऱ्या वाक्यासकट प्रकरण दप्तरी दाखल होतं. असे कागद मी बरेच पाहिले, आणि कारकुनावर मला राग येईना. त्याला सोपी वाट अर्जदारानंच काढून दिलेली असते.

काकांनी ही गल्लत केली नाही. बँकेत एका व्हाउचरचा घोळ शोधताना मॅनेजरच्या वर्तनाबद्दल लिहायचं नसतं, असं ते म्हणाले.

त्यांनी पहिलं काम केलं ते केसपेपर मागण्याचं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांवर तसं बंधन आहे : पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं आंतररुग्ण कागदपत्रं मागितली, तर ७२ तासांच्या आत द्यायची, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ती जपून ठेवायची. मुंबई उच्च न्यायालयानंही १९९६ मध्येच सांगून ठेवलंय की असे कागद गोपनीयतेच्या नावाखाली पेशंटपासून लपवता येणार नाहीत. तरी मेडिकल रेकॉर्ड विभागात जायचं म्हणजे कसोटीच. आधी म्हणाले, विम्याला हवं असेल तर कंपनी परस्पर मागवेल. मग म्हणाले, मोठ्या डॉक्टरांची सही व्हायची आहे. मग म्हणाले, पेशंटला घेऊन या. काकांनी काकूंच्या सहीचा साधा अर्ज लिहून नेला होता. त्याच्या दुसऱ्या प्रतीवर ते आवक शिक्का मागत राहिले. "शिक्का द्या. कागद सावकाश द्या." शिक्का बसला तेव्हा त्यावर तारीख आणि वेळ आली, आणि ७२ तास कधीपासून धरायचे याचा प्रश्न मिटला. झेरॉक्सचे पैसे पानामागं घेतले. ते त्यांनी पावती घेऊन भरले.

केसपेपरची ती चळत मी त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर पाहिली. एका बाजूला बिल, दुसऱ्या बाजूला औषधांचा तक्ता, मध्ये स्टीलची फूटपट्टी. अँटिबायोटिक होतं मेरोपेनेम, एक ग्रॅम, दिवसातून तीनदा. तक्त्यावर प्रत्येक डोसासमोर सिस्टरची आद्याक्षरं असतात : सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. पाच दिवसांची पंधरा आद्याक्षरं. काकांनी प्रत्येकावर पेन्सिलनं बारीक टिंब दिलं होतं. बिलात बाटल्या एकवीस. सहाव्या दिवसाच्या नर्सिंग नोट्समध्ये घाईच्या अक्षरात नोंद होती की सहा व्हायल फार्मसीला परत. म्हणजे सिस्टरनं तिचं काम चोख केलं होतं. कागद वॉर्डातून फार्मसीपर्यंत पोचला, पुढं बिलापर्यंत गेला नाही.

आयसीयूचा तक्ता तर अजून बोलका. तो आडवा, मोठ्या कागदावर असतो आणि तासातासाला भरतात : नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनचं प्रमाण, लघवी किती झाली. त्यात व्हेंटिलेटरचे वेगळे रकाने असतात, मोड कुठला, दाब किती. काकूंच्या तक्त्यावर त्या रकान्यांतून दोन्ही दिवस वरपासून खालपर्यंत एकच तिरपी रेघ मारलेली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'मास्कनं ऑक्सिजन, ६ लिटर'. व्हेंटिलेटर नव्हता, याचा रुग्णालयाच्याच हातचा पुरावा. माझ्या मते ही रेघ त्या अकरा पानी बिलापेक्षा जास्त वजनाची होती. तोंडी सांगणं कुणीही झटकतं, स्वतःच्या माणसानं भरलेला तक्ता झटकणं अवघड.

मग व्हेंटिलेटर आला कुठून? ते कुठल्याच पत्रात लिहून आलं नाही. कागद घ्यायला गेले तेव्हा जिन्यात एका सिस्टरनं सांगितलं, "काका, त्या दोन दिवशी शेजारच्या बेडला पण पाटीलच होत्या ओ." संगणकात नंबर घालून शोधायचा नियम असतो, पण घाईत आडनाव घातलं जातं आणि यादीतलं पहिलं नाव निवडलं जातं. ते पैसे नंतर त्या दुसऱ्या पाटलांकडून वसूल झाले का, हे काकांनी विचारलं नाही. मी विचारलं, उत्तर मिळालं नाही.

आता तक्रार कुणाकडं? महाराष्ट्रानं केंद्राचा २०१० चा क्लिनिकल आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. इथं चालतो तो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. त्याखालच्या नियमांत १४ जानेवारी २०२१ ला दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद आली. दाखल शुल्क, खाटेचं भाडं, अतिदक्षता, डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑक्सिजन अशा बाबींचे दर दर्शनी भागात लावायचे, बिलाचा तपशील द्यायचा, पैसे थकले म्हणून मृतदेह अडवायचा नाही. आणि महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागानं, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांनी तक्रार निवारण कक्ष चालवायचा. कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात किती रुग्णालयांच्या दारात ही सनद डोळ्यांच्या पातळीवर दिसते, हे वाचकांनी पुढच्या खेपेला स्वतःच पाहावं. मला ती कुठं झाडाच्या कुंडीमागं दिसली, कुठं दिसलीच नाही.

पालिकेच्या आरोग्य विभागात काम करणारे एक गृहस्थ मोकळेपणानं म्हणाले, "आमच्याकडं माणसं थोडी. नोंदणीचं नूतनीकरण, डेंग्यूचा सर्व्हे, लसीकरण, सगळं याच टेबलावर. नुसतं 'फसवलं' म्हणून कागद आला, तर आम्ही रुग्णालयाला पत्र टाकतो. ते 'बिल नियमानुसार' म्हणून कळवतात. संपलं. तारखेनिशी, पान नंबरनिशी आला, तर त्यांनाही तसंच उत्तर द्यावं लागतं." काकांचा अर्ज दीड पानाचा होता. तीन परिच्छेद, तीन चुका : व्हेंटिलेटर, सहा बाटल्या, आणि खोलीत हलवल्या दिवशीचं दुहेरी भाडं, करासह. प्रत्येकाखाली बिलाचं पान आणि केसपेपरचं पान. 'मनस्ताप' हा शब्द कुठं नव्हता. एक प्रत रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना, एक पालिकेला, एक विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला; प्रत्येकीवर बाकी दोघांची नावं. तिघांनाही कळावं की उरलेल्या दोघांनाही कळलंय.

राज्यानं खासगी रुग्णालयाच्या बिलावर खरोखर हात ठेवला तो एकदाच, कोविडमध्ये. २१ मे २०२० च्या अधिसूचनेनं साध्या वॉर्डाला दिवसाला ४००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूला ७५०० आणि व्हेंटिलेटरसह ९००० अशी कमाल मर्यादा घातली. १ जून २०२१ ला शहरांचे अ, ब, क गट पडले आणि वॉर्डाचा दर ४०००, ३०००, २४०० असा उतरता झाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरकारी लेखापरीक्षक रुग्णालयांत बसवले गेले. ज्यांनी जन्मभर शासकीय कार्यालयांची खाती तपासली, ती माणसं पीपीई किटांची संख्या आणि इंजेक्शनांच्या बाटल्या मोजू लागली. लाट ओसरल्यावर जन आरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती यांनी जादा बिलांच्या परताव्यासाठी मोहीम चालवली. नवरा गेलेल्या बायका बिलांच्या पिशव्या घेऊन तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयांत गेल्या. काहींना पैसे मिळाले, पुष्कळांचं घोंगडं भिजत पडलं. अधिसूचनांची मुदत संपली आणि लेखापरीक्षकही उठून गेले. बिल तपासणं अशक्य असतं, हा युक्तिवाद त्यानंतर तरी कुणी करू नये. ते जमलं होतं. चालू ठेवायचं नव्हतं, इतकंच.

विम्याची बाजू वेगळी. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानं कॅशलेसची पूर्वमंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितली आहे. उशीर झाला आणि रुग्णालयानं त्याचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीनं सोसायचे. वाचायला छान. पण हे तीन तास रुग्णालयाची विनंती कंपनीला पोचल्यापासूनचे. सकाळच्या राउंडला डॉक्टर 'आज घरी' म्हणतात आणि बिल संध्याकाळी कंपनीकडं जातं, तो दिवसभराचा वेळ कुणाच्याच घड्याळात मोजला जात नाही.

अजून एक जागा नजरेखालून घालण्यासारखी. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि खोली त्यावरची घेतली, तर कंपनी इतर खर्चही त्या प्रमाणात कापते. पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावायची नाही, आयसीयूलाही नाही, असं नियामकानं २०२० पासून सांगितलंय. सरसकट कात्री लावलेली क्लेमची पत्रकं तरीही येतात. उलट डायपर, मिनरल वॉटर, कॅरीबॅग, हाताची झोळी यांवरून भांडू नये. ती 'न देय' वस्तूंच्या यादीतच आहेत. त्याच यादीत एक मासलेवाईक बाब आहे : नर्सिंगचे पैसे लावलेले असताना वेगळे लावलेले सर्व्हिस चार्जेस.

कंपनीनं महिनाभरात दाद दिली नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपाल. कोल्हापूरकरांसाठी ते पुण्यात, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात; नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. लोकपाल फक्त विमा कंपनीला आदेश देऊ शकतात, रुग्णालयाला नाही. रुग्णालयाविरुद्ध जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ठरवलं. आता २०१९ च्या कायद्यानुसार पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते आणि आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. तारखांचा भरवसा मात्र धरू नये.

ज्यांच्याकडं विमाच नाही, त्यांचा घोळ निराळाच असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसत असतील, तर योजनेतल्या रुग्णालयानं पैसे मागायचेच नाहीत. पण रेशनकार्डावर सुनेचं माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं, आणि रात्री अकराला आरोग्यमित्र जागेवर नसतो. घरचे पैसे भरून मोकळे होतात आणि मग ते परत मागायची वणवण सुरू होते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तिथं तहसीलदारांचा दाखला बिल निघण्याआधी हातात असणं, हीच अर्धी लढाई. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

काकांच्या अर्जाला सगळ्यात आधी हलवलं ते पालिकेच्या पत्रानं. पत्र दोन ओळींचंच होतं, 'मुद्देनिहाय खुलासा सादर करावा'. त्यानंतर रुग्णालयातून फोन आला, अधीक्षकांनी चहाला बोलावलं. "एवढ्यासाठी तुम्ही लिहायचं कशाला? आम्हाला सांगितलं असतं की." काकांनी पहिल्या दिवशीचा, हरकतीच्या शेऱ्याचा फोटो दाखवला. बाटल्या आणि भाडं तिथल्या तिथं मान्य झालं. व्हेंटिलेटरवर मात्र अधीक्षक म्हणाले, स्टँडबाय ठेवला होता. काकांनी तिरप्या रेघेचा कागद पुढं सरकवला आणि विचारलं, स्टँडबायचा दर तुमच्या दरफलकावर कुठं आहे? फलकावर तसा दर नव्हता. सुधारित बिल आणि क्रेडिट नोट निघाली.

खोलीच्या भाड्यातला काकांच्या खिशातून गेलेला फरक त्यांच्या खात्यावर आला. बाकीची रक्कम गेली विमा कंपनीकडं, कारण ती तिनंच भरली होती. आणि आता कंपनीला हे पैसे कुठल्या खात्यात धरायचे ते कळेना. ग्राहक सेवा केंद्र म्हणे, क्लेम बंद झालाय, बंद क्लेम उघडता येत नाही. काकांनी सुधारित बिल, क्रेडिट नोट आणि ब भाग दुरुस्त करण्याचं रुग्णालयाचं पत्र जोडून नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली. तिचा टोकन नंबर पडल्यावर बंद क्लेम उघडला.

विमा रक्कम पूर्ववत केल्याचा ईमेल आला, तेव्हा पॉलिसीच्या नूतनीकरणाला तीन आठवडे उरले होते. नूतनीकरणानंतर ती तशीही पूर्ववत होणारच होती. काकांना त्याचं फारसं वाटलं नाही. मुलगा दोघांना पुण्याला न्यायचं म्हणतोय, पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडं पोर्ट करायची आहे, आणि त्या अर्जात गेल्या वर्षीच्या आजारपणापुढं आता 'न्यूमोनिया, ऑक्सिजन' एवढंच लिहावं लागणार आहे.